वृक्करुग्ण-साहाय्य संस्था

वृक्करुग्ण-साहाय्य संस्था : वृक्कांच्या (मूत्रपिंडांच्या) दीर्घकालीन विकारांनी पीडित असलेल्या व्यक्तींना व त्यांच्या कुटुंबीयांना माहिती, मानसिक आधार, आर्थिक साहाय्य आणि सामूहिक प्रतिनिधित्व मिळवून देण्यासाठी मुख्यत्वे स्वयंसेवकांनी चालविलेल्या धर्मादाय संस्था. रुग्ण, रुग्णांचे आईवडील अथवा पतिपत्नी, वृक्कदाते आणि वृक्कविकारतज्ञ हे सामान्यतः अशा संस्थांचे संस्थापक असतात. रुग्णालये व संशोधनसंस्था यांहून त्या भिन्न आहेत. उपचार करणे हे त्यांचे मूळ कार्य नसून, उपचार रुग्णापर्यंत पोहोचविणे आणि उपचारांसह जगणे त्यास शक्य करून देणे हे त्यांचे उद्दिष्ट होय. काही संस्था मात्र स्वतःची अपोहन (डायालिसिस) केंद्रेही चालवितात.

उगमाची कारणे : रक्तातील त्याज्य द्रव्ये व जादा पाणी मूत्रावाटे बाहेर टाकणे, लवणांचे व अम्लांचे संतुलन राखणे आणि रक्तदाबाच्या नियंत्रणास तसेच रक्तातील तांबड्या कोशिकांच्या निर्मितीस साहाय्य करणे ही वृक्कांची प्रमुख कार्ये आहेत. मधुमेह, अतिरक्तदाब, वृक्कशोथ, आनुवंशिक दोष इ. कारणांनी ही कार्यक्षमता हळूहळू घटत जाते. तिचा फार थोडा अंश उरेपर्यंत रुग्णास पुष्कळदा ठळक त्रास जाणवत नाही. वृक्क पूर्णपणे निकामी झाल्यावर अपोहन किंवा प्रतिरोपण यांखेरीज जीवन टिकत नाही.

रक्त अपोहन प्रायः आठवड्यातून तीन वेळा व प्रत्येक वेळी सु. चार तास करावे लागते. त्यामुळे रुग्णाचा रोजगार, प्रवास व कौटुंबिक जीवन या सर्वांना त्या वेळापत्रकाची मर्यादा पडते. पिण्याचे पाणी मोजून घ्यावे लागते आणि मीठ व पोटॅशियमयुक्त पदार्थ टाळावे लागतात. इतर आजारी माणसास आवर्जून दिले जाणारे शहाळ्याचे पाणी वा मोसंब्याचा रस अशा रुग्णास घातक ठरू शकतो. वैद्याने सांगितलेले पथ्य घरातील स्वयंपाकात कसे उतरवावे, नोकरी कशी टिकवावी, उपचारांचा खर्च कोठून उभारावा, वृक्कदानाबद्दल भावाबहिणींशी कसे बोलावे, हे प्रश्न रुग्णालयाच्या कक्षेबाहेरचे आहेत. साहाय्य संस्थांचा उगम या प्रश्नांतून झाला.

इतिहास : डच वैद्य व्हिलेम कॉल्फ यांनी १९४३ मध्ये कृत्रिम वृक्क उपयोगात आणले व १९४५ मध्ये त्याच्या साहाय्याने प्रथमच एका रुग्णाचे प्राण वाचले. तथापि प्रत्येक अपोहनासाठी रोहिणी व नीला नव्याने उघडाव्या लागत असल्याने हा उपचार अल्पकालीन विकारापुरताच मर्यादित होता. अमेरिकेतील सिॲटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० मध्ये टेफ्लॉन नलिकांचा कायमस्वरूपी जोड वापरात आणला आणि दीर्घकालीन रुग्णांना वारंवार अपोहन देणे शक्य झाले. तत्पूर्वी, १९५४ मध्ये जोसेफ मरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टन येथे एकसम जुळ्या भावांमध्ये पहिले यशस्वी वृक्क प्रतिरोपण केले होते.

या शोधांमुळे एक नवाच नैतिक प्रश्न निर्माण झाला. उपचार उपलब्ध होता, परंतु तो सर्वांस पुरेसा नव्हता. सिॲटल येथील केंद्रात १९६२ पासून उपचारासाठी रुग्णांची निवड करण्याचे काम सात सामान्य नागरिकांच्या एका समितीकडे सोपविण्यात आले. सभासदांची नावे गुप्त ठेवलेली ही समिती वैद्यकीय दृष्ट्या पात्र ठरलेल्या रुग्णांचा व्यवसाय, कौटुंबिक जबाबदारी, सामाजिक उपयुक्तता इ. बाबी विचारात घेत असे. कोणाला जगू द्यावयाचे हे अशा रीतीने ठरविण्यावर पुढे कडक टीका झाली. आधुनिक वैद्यकीय नीतिशास्त्राच्या विकासातील हा एक महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

अमेरिकेतील आद्य संस्थांपैकी एक १९५० मध्ये वृक्कविकार जडलेल्या एका बालकाच्या आईवडिलांच्या पुढाकाराने सुरू झाली. संशोधनास निधी मिळवून देणे हा तिचा आरंभीचा हेतू होता. तिचाच पुढे ‘नॅशनल किडनी फाउंडेशन’ या राष्ट्रीय संघटनेत विकास झाला. १९६९ मध्ये न्यूयॉर्क येथे अपोहनावर असलेल्या रुग्णांनी स्वतःची राष्ट्रीय संघटना काढली. तिचे उपाध्यक्ष शेप ग्लेझर यांनी ४ नोव्हेंबर १९७१ रोजी अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या अर्थविषयक समितीपुढे साक्ष देताना समितीच्या दालनातच अपोहन करून घेतले. ऑक्टोबर १९७२ मध्ये संमत झालेल्या कायद्याने वृक्क निकामी झालेल्या बहुतेक सर्व अमेरिकन रुग्णांना, वयाचा विचार न करता, शासकीय आरोग्यविम्याचे संरक्षण मिळाले. १ जुलै १९७३ पासून ही तरतूद अंमलात आली. तिचे श्रेय केवळ या एका प्रसंगास देता येत नाही. तज्ञांच्या समित्यांचे अहवाल व काही सिनेटसदस्यांचे प्रयत्न त्यामागे अनेक वर्षे होते. तरीसुद्धा रुग्ण हा दयेचा विषय नसून हक्काने बोलणारा नागरिक आहे, ही कल्पना या घटनेने रूढ केली. आज ही संघटना ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ किडनी पेशंट्स’ या नावाने ओळखली जाते.

ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेमुळे उपचार विनामूल्य असले, तरी अपोहन यंत्रांच्या व केंद्रांच्या तुटवड्यामुळे १९७० व १९८० च्या दशकांत अनेक वृद्ध व मधुमेही रुग्णांना ते मिळत नसे. मुलाला वृक्कविकार झालेल्या एलिझाबेथ वॉर्ड यांनी १९७५ मध्ये ‘ब्रिटिश किडनी पेशंट असोसिएशन’ची स्थापना केली. गरजू रुग्णांना अनुदाने देणे, रुग्णांसाठी सुटीच्या काळातील अपोहनाची सोय करणे, अवयवदानाचा प्रचार करणे आणि शासनावर सतत दडपण आणणे ही कामे तिने केली. १९८५ मध्ये एका निराधार, मनोरुग्ण व्यक्तीचे अपोहन थांबविण्याचा निर्णय झाला, तेव्हा या संस्थेने त्याच्या उपचारांचा भार उचलला. या प्रकरणाची देशभर चर्चा होऊन निवडीचे निकष लोकांपुढे आले. २०१७ मध्ये संस्थेचे नाव ‘किडनी केअर यूके’ असे बदलण्यात आले. याखेरीज ब्रिटनमध्ये बहुतेक वृक्कविभागांशी संलग्न असे स्थानिक रुग्णसंघ असून, स्वयंसेवेचे खरे स्वरूप तेथे पाहावयास मिळते.

कार्याचे स्वरूप : या संस्थांचे कार्य स्थूलमानाने पुढील प्रकारांत विभागता येते. (१) परस्पराधार : अनेक वर्षे अपोहनावर असलेला वा प्रतिरोपण झालेला रुग्ण नव्या रुग्णाची भेट घेतो. सुईची भीती, नैराश्य, वैवाहिक अडचणी इ. विषयांवर वैद्यापेक्षा समदुःखी व्यक्तीशी मोकळेपणाने बोलता येते. अशा स्वयंसेवकाने औषधयोजनेबद्दल सल्ला देऊ नये, हा नियम चांगल्या संस्था कटाक्षाने पाळतात. (२) शिक्षण : रुग्णांच्या भाषेत पुस्तिका, आहारवर्ग व व्याख्याने योजली जातात. मधुमेह व अतिरक्तदाब असणाऱ्यांनी मूत्रातील प्रथिन व रक्तातील क्रिॲटिनीन नियमितपणे तपासून घ्यावे आणि वेदनाशामक गोळ्या वैद्याच्या सल्ल्याविना दीर्घकाळ घेऊ नयेत, असा प्रचार केला जातो. (३) आर्थिक साहाय्य : अपोहनाचा खर्च, औषधे, प्रवासभाडे आणि मुलांचे शिक्षण यांसाठी मदत दिली जाते. शासकीय योजनांचे अर्ज भरून देणे हे साधे वाटणारे काम पुष्कळदा सर्वांत उपयुक्त ठरते. (४) अवयवदानाचा प्रसार. (५) धोरणविषयक प्रयत्न : अपोहन केंद्रांची संख्या, पाण्याची शुद्धता, औषधांच्या किंमती इत्यादींबाबत शासनाकडे निवेदने केली जातात. (६) पुनर्वसन व क्रीडा : प्रतिरोपण झालेल्या व्यक्तींच्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा १९७८ मध्ये इंग्लंडमधील पोर्ट्‌स्मथ येथे सुरू झाल्या.

जनजागृतीसाठी मार्च महिन्यातील दुसरा गुरुवार २००६ पासून ‘जागतिक वृक्क दिन’ म्हणून पाळला जातो. वृक्कविकारतज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था व विविध देशांतील प्रतिष्ठानांचा महासंघ यांनी तो संयुक्तपणे सुरू केला.

भारत : भारतात वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ मध्ये यशस्वी वृक्क प्रतिरोपण झाले. पुढील काळात मोठ्या शहरांत उपचारांची सोय वाढली, परंतु आयुष्यभराचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर राहिला. अपोहन सुरू करून काही महिन्यांतच, पैसा संपल्यामुळे ते सोडून देणारे रुग्ण ही भारतीय वृक्कचिकित्सेतील सर्वांत दुःखद समस्या होय. शेतजमीन वा दागिने विकून झालेल्या उपचारांती रुग्ण दगावतो आणि कुटुंब कर्जात राहते. म्हणून भारतीय संस्थांच्या कार्यात आर्थिक साहाय्यास अग्रस्थान मिळाले. चेन्नई येथे १९९३ मध्ये स्थापन झालेली ‘टँकर फाउंडेशन’ ही संस्था गरीब रुग्णांसाठी सवलतीच्या दरात वा विनामूल्य अपोहन केंद्रे चालविते. तेथीलच ‘मोहन फाउंडेशन’ (स्थापना १९९७) ही संस्था अवयवदानाचा प्रसार व प्रतिरोपण समन्वयकांचे प्रशिक्षण या क्षेत्रांत अग्रेसर आहे. मुंबईत ‘नर्मदा किडनी फाउंडेशन’ ही संस्था रुग्णशिक्षण व अवयवदान या विषयांत कार्य करते.

१९९४ च्या मानवी अवयव प्रतिरोपण अधिनियमाने मस्तिष्क स्तंभाच्या मृत्यूस कायदेशीर मान्यता दिली व अवयवांचा व्यापार दंडनीय ठरविला. २०११ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन अवैध व्यवहारास पाच ते दहा वर्षे कारावासाची व वीस लाख ते एक कोटी रुपये दंडाची तरतूद झाली. त्यामुळे साहाय्य संस्थांना दात्याचा शोध पैशाच्या आमिषाने घेता येत नाही. मृत व्यक्तीच्या अवयवांचे वाटप महाराष्ट्रात विभागीय प्रतिरोपण समन्वय केंद्रांमार्फत प्रतीक्षायादीनुसार होते. भारतातील बहुसंख्य प्रतिरोपणे अद्याप जिवंत नातेवाइकांनी दिलेल्या वृक्कांची असून, दात्यांमध्ये आई, पत्नी, बहीण अशा स्त्रियांचे प्रमाण अधिक, तर ग्राहकांमध्ये पुरुषांचे प्रमाण अधिक आढळते. दात्रीची संमती खरोखरच स्वेच्छेची आहे किंवा नाही, हे पाहण्याची जबाबदारी समुपदेशन करणाऱ्या संस्थांवरही येते.

शासनाने २०१६ मध्ये प्रधानमंत्री राष्ट्रीय अपोहन कार्यक्रम जाहीर करून जिल्हा रुग्णालयांत दारिद्र्यरेषेखालील रुग्णांसाठी विनामूल्य अपोहनाची सोय सुरू केली. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही अपोहन व वृक्क प्रतिरोपण यांचा समावेश आहे. यामुळे स्वयंसेवी संस्थांचे काम संपलेले नाही. केंद्र विनामूल्य असले, तरी आठवड्यातून तीनदा खेड्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याचे भाडे, सोबत येणाऱ्या माणसाची बुडणारी मजुरी आणि औषधांचा खर्च रुग्णासच सोसावा लागतो.

मर्यादा व मूल्यमापन : स्वयंसेवी संस्थांच्या कार्यास काही अंगभूत मर्यादा आहेत. त्यांचे कार्यकर्ते पुष्कळदा स्वतःच रुग्ण असल्याने प्रकृतीच्या चढउतारांबरोबर कार्यही मंदावते व संस्थापकाच्या मृत्यूनंतर संस्था विस्कळीत होते. औषधनिर्मात्या व यंत्रनिर्मात्या कंपन्यांच्या देणग्या स्वीकारल्याने संस्थेच्या निःपक्षपातीपणास बाध येण्याचा संभव असतो. म्हणून देणग्यांचे स्रोत व तपासलेले हिशेब जाहीर करणे इष्ट मानले जाते. संस्था मुख्यतः शहरांत असल्याने ग्रामीण रुग्ण त्यांच्या कक्षेबाहेर राहतात. मर्यादित निधीतून कोणास मदत द्यावी हा निर्णय संस्थेच्या कार्यकारी मंडळासही घ्यावा लागतो. सिॲटलच्या समितीपुढील प्रश्न लहान प्रमाणात येथे पुन्हा उभा राहतो. त्यावर उपाय म्हणून काही संस्था मदतीचे निकष आधीच लिखित स्वरूपात निश्चित करतात.

एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार २०१० मध्ये जगात सु. २६ लाख लोकांना अपोहन वा प्रतिरोपण यांचा लाभ मिळत होता, तर तो न मिळाल्याने किमान सु. २३ लाख लोक अकाली मृत्यू पावले असावेत. त्यांपैकी बहुसंख्य आशिया व आफ्रिका खंडांतील होते. ही उणीव केवळ धर्मादायाने भरून निघण्यासारखी नाही. ती भरून काढण्यासाठी शासकीय तरतूद व विकाराचा प्रतिबंध हेच मुख्य मार्ग होत. तथापि अशी तरतूद व्हावी म्हणून प्रथम आवाज उठविण्याचे आणि ती झाल्यावर प्रत्यक्ष रुग्णापर्यंत पोहोचते किंवा नाही हे पाहण्याचे कार्य वृक्करुग्ण-साहाय्य संस्थांनी अनेक देशांत केले आहे.