बाहुल्यावर जमलं, माणसावर जमेल का?

समजा, रात्री साडेअकराला नांदे-चांदे रस्त्यावर दुचाकी घसरली. पोरगा बेशुद्ध, घशातून घरघर येतेय. कुणीतरी १०८ ला फोन लावला. गाडीतून जो डॉक्टर उतरेल तो भूलतज्ज्ञ नसेल. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. गाडीत डॉक्टर असणं हे तिचं वैशिष्ट्य, पण त्यातले बरेचसे बीएएमएससारख्या पदवीचे. श्वासमार्ग मोकळा ठेवणं हे भूलतज्ज्ञाचं रोजचं काम, यांच्या वाट्याला ते अधूनमधून येतं. म्हणून त्यांना प्रशिक्षण द्यायचं आणि त्याने फरक पडतो का हे तपासायचं. विषय चांगलाच आहे. सिनॉप्सिस मात्र बहुतेक वेळा एकाच साच्यातून निघतो.

साचा असा: साठ डॉक्टर, दोन दिवसांची कार्यशाळा, आधी चाचणी, नंतर चाचणी, मॅनिकिनच्या श्वासनलिकेत नळी घालायला किती सेकंद लागले याची नोंद. निकाल सकारात्मक. येणारच! सकाळी शिकवलेलं संध्याकाळी विचारलं तर गुण वाढतातच. मॅनिकिन उलटी करत नाही, त्याचा जबडा आवळलेला नसतो, तोंडात रक्त नसतं आणि आपण चाचपडत असताना त्याचा ऑक्सिजन घसरत नाही.

मग नळी घालायला शिकायला लागतं तरी किती? १९९८ मध्ये कोनराड आणि सहकाऱ्यांनी भूलशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांचे प्रयत्न मोजले. ९० टक्के यश यायला सरासरी ५७ रुग्ण लागले. २००३ च्या मलकास्टर यांच्या अभ्यासात भूलशास्त्राबाहेरचे शिकाऊ होते, तिथे आकडा ४७ आला. हेही ऑपरेशन थिएटरमध्ये, चांगल्या उजेडात, बाजूला वरिष्ठ उभे असताना. आपल्याच सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना तातडीच्या प्रसूतीसाठी भूल द्यायला शिकवायचं ठरवलं, तेव्हा अभ्यासक्रम १८ आठवड्यांचा ठेवला होता. दोन दिवसांची कार्यशाळा यासमोर ठेवून बघा.

इथे प्रश्नच बदलायला हवा. ‘नळी शिकवता येते का’ याऐवजी ‘या डॉक्टरला नेमकं काय शिकवावं’ असं विचारा. २०१८ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात इंग्लंडमधली ‘एअरवेज-२’ चाचणी आली. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेले ९,२९६ रुग्ण होते. काहींना पॅरामेडिकांनी नळी घातली, काहींना आय-जेल, म्हणजे स्वरयंत्राच्या वर बसणारं, घालायला सोपं साधन. चांगल्या अवस्थेत वाचलेले आय-जेल गटात ६.४ टक्के, नळी गटात ६.८ टक्के; फरक सिद्ध झाला नाही. पहिल्या दोन प्रयत्नांत फुफ्फुसात हवा पोचण्याचं प्रमाण मात्र आय-जेलमध्ये ८७.४ टक्के आणि नळीत ७९ टक्के होतं.

लगेच ‘सगळ्यांना आय-जेल शिकवा’ असा निष्कर्ष काढू नका. ते रुग्ण हृदय बंद पडलेले होते. आपल्या रस्त्यावरच्या पोराचं हृदय चालू आहे, घशाची प्रतिक्षिप्त क्रिया कदाचित शाबूत आहे. त्याच्या घशात काही सारलं तर तो ओकेल. त्याला आधी हवंय मान न हलवता जबडा पुढे उचलणं, सक्शन, ऑक्सिजन आणि गरज पडली तर अँब्यू बॅग, तीही दोघांनी मिळून: एकाने दोन्ही हातांनी मास्क घट्ट धरायचा, दुसऱ्याने बॅग दाबायची. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मास्कच्या कडेने हवा निसटणं ही नवख्याची सगळ्यात मोठी अडचण. यावर प्रबंध करायला लोक लाजतात, का कुणास ठाऊक.

आराखडा करताना मोजमाप तिथेच न्या. मॅनिकिनवरच मोजायचं असेल तर सेकंदांऐवजी दर श्वासाला किती हवा आत गेली ते मोजा. दोन प्रयत्न फसल्यावर डॉक्टर थांबून बॅगकडे वळला का, हेही नोंदवा. माझ्या मते सगळ्यात बोलका निकष हाच. चाचणी तीन आणि सहा महिन्यांनी पुन्हा घ्या, कारण न वापरलेलं कौशल्य गंजतं. तुलनाही ‘प्रशिक्षण विरुद्ध काहीच नाही’ अशी नको. दोन दिवसांची एकरकमी कार्यशाळा विरुद्ध दर महिन्याला गाडीच्या थांब्यावरच वीस मिनिटांचा सराव, अशी ठेवली तर निकाल कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आणि चिठ्ठ्या टाकायच्या त्या डॉक्टरांच्या नावाने नको, थांब्यांच्या नावाने. एकाच थांब्यावरचे दोघे चहा पिताना एकमेकांना शिकवतात, मग तुमचे दोन गट वेगळे राहत नाहीत. यामुळे नमुन्याची संख्या वाढते, तेव्हा संख्याशास्त्रज्ञाकडे सिनॉप्सिस जमा करण्याआधीच जा. नैतिकता समिती आणखी एक गोष्ट विचारेल: एखाद्या डॉक्टरचे कमी गुण त्याच्या नोकरी देणाऱ्याला दिसणार का? दिसणार नाहीत, हे संमतीपत्रात स्पष्ट लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी चाचणीला कुणी येणार नाही.