संगणकातला रेडिओ : चित्र तिरपे का येते?

मिरजेच्या एका वाचकांनी तीन चित्रे पाठवली आहेत आणि ती पाहिल्यापासून मला दुसरे काही सुचेनासे झाले आहे.

चित्रे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून आलेली. स्थानकावरून अधूनमधून १४५.८०० मेगाहर्ट्झवर एसएसटीव्हीची, म्हणजे आवाजाच्या रूपात ओळीओळीने पाठवलेली, चित्रे सोडतात, बहुतेक वेळा पीडी-१२० पद्धतीने. या वाचकांनी एसडीआर (सॉफ्टवेअर रेडिओ) प्रोग्रॅमचा आवाज आभासी केबलमधून डीकोडरला दिला. जोडणीत कुठेही चूक नाही. दोन पासमध्ये, म्हणजे स्थानक आकाशातून दोनदा गेले तेव्हा, मिळून तीन चित्रे मिळाली. रंग स्वच्छ, खरखर नावाला नाही. पण तिन्ही चित्रे एका बाजूला कललेली, आणि दुसऱ्यात तर मधोमध पायरी : वरचा अर्धा भाग जागेवर, खालचा अर्धा बाजूला सरकलेला. ‘केबल बिघडली का?’ असे त्यांनी विचारले आहे.

कल आणि पायरी, हे दोन वेगळे आजार आहेत. दोन्हींचे मूळ मात्र घड्याळांत आहे, आणि या साखळीत घड्याळे दोन आहेत.

पहिले घड्याळ डोंगलमधले, म्हणजे संगणकाला लावलेल्या छोट्या यूएसबी रेडिओतले : २८.८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. अँटेनाकडून येणाऱ्या लहरींचे सॅम्पल त्याच्या ठेक्यावर पडतात, आणि पुढे ४८,००० सॅम्पलांचा जो आवाज तयार होतो त्याचा ठेकाही तोच. दुसरे घड्याळ संगणकाचे. आभासी केबलला स्वतःचा क्रिस्टल नसतो. ती संगणकाच्या घड्याळावर चालते. ही दोन घड्याळे तंतोतंत जुळणे अशक्य.

आधी कल पाहू. पीडी-१२० चे एक चित्र सुमारे १२६ सेकंद चालते. एका ओळीत ६४० ठिपके असतात आणि ते १२१.६ मिलिसेकंदांत येतात, म्हणजे एका ठिपक्याला ०.१९ मिलिसेकंद. माझ्या जुन्या डोंगलची चूक ५० पीपीएम होती, म्हणजे दहा लाखांत पन्नास. ऐकायला किरकोळ वाटते. पण १२६ सेकंदांत ही चूक ६.३ मिलिसेकंद होते, म्हणजे ३३ ठिपके. डीकोडर बिचारा सॅम्पल मोजत बसलेला असतो. प्रत्येक ओळ त्याला जराशी उशिरा सुरू झालेली दिसते आणि वरपासून खालपर्यंत चित्र कलत जाते. यात केबलचा काही दोष नाही. केबल काढून टाकली तरी कल राहणारच.

आता पायरी. गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. मोटर पाणी चढवते, नळ पाणी काढतो. मोटर नळापेक्षा थेंबभर जास्त चालली तरी टाकी कधीतरी वाहणारच. इथे टाकी म्हणजे केबलचा बफर, आवाज तात्पुरता साठवण्याची जागा. संगणकाचे घड्याळ अचूक धरले तर ५० पीपीएमने पुढे पळणारा डोंगल सेकंदाला ४८,००२.४ सॅम्पल ओततो आणि केबल ४८,००० उचलते. बफरमध्ये ४८० सॅम्पलांची जागा शिल्लक असेल तर २०० सेकंदांत ती भरते. मग एक तुकडा टाकून देण्यावाचून गत्यंतर नसते. दहा मिलिसेकंदांचा तुकडा गेला की पुढचे सगळे चित्र सुमारे ५३ ठिपके सरकते. डोंगल मागे पडणारा असेल तर उलटे घडते : टाकी कोरडी पडते, मध्ये क्षणभर शांतता येते आणि चित्र दुसऱ्या बाजूला सरकते. कानाला ही जेमतेम एक टिचकी ऐकू येते. चित्रात मात्र ती जन्मभर राहते.

कललेले चित्र डीकोडरच्या कल-दुरुस्तीने सरळ करता येते. तुटलेले चित्र तिने सांधता येत नाही, म्हणून पायरी मुळातच टाळायची.

उपाय तीन. पहिला : एसडीआर प्रोग्रॅममध्ये पीपीएमची दुरुस्ती भरा. ही दुरुस्ती फक्त फ्रिक्वेन्सीसाठी असते असे पुष्कळांना वाटते. आरटीएल-एसडीआरच्या मूळ ड्रायव्हरमध्ये तोच आकडा सॅम्पलांचा ठेकाही सुधारतो, म्हणजे एका आकड्यात कल आणि पायरी दोन्ही आटोक्यात येतात. मात्र डोंगल तापला की क्रिस्टल सरकतो, म्हणून पासच्या वीस मिनिटे आधी तो चालू करून ठेवा. दुसरा : टीसीएक्सओ, म्हणजे तापमानाचा परिणाम भरून काढणारा क्रिस्टल, असलेला डोंगल घ्या. एक पीपीएमची चूक पूर्ण चित्रात एक ठिपकाही भरत नाही. तिसरा : केबलचा बफर मोठा ठेवा. एसएसटीव्हीला अर्धा सेकंद उशीर झाला तर काही बिघडत नाही. युजीन मुझिचेन्को यांच्या ‘व्हर्च्युअल ऑडिओ केबल’मध्ये तर केबलचे घड्याळच किंचित पुढेमागे करण्याची सोय आहे.

एवढे करूनही चित्रात बारीकशी कमान राहिली तर तिला बिघाड समजू नका. स्थानक आपल्याकडे येत असते तेव्हा डॉप्लरमुळे नुसती फ्रिक्वेन्सी चढत नाही, अख्खे चित्रच काळात आवळले जाते. दूर जाताना ते सैल होते. १४५.८ मेगाहर्ट्झवर साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपास होणारा हा बदल म्हणजे २४ पीपीएम. ती कमान स्थानकाच्या वेगाची सही आहे. मला ती पुसावीशी वाटत नाही.

मिरजेच्या वाचकांना आणि इतरांनाही एक विनंती. पुढच्या पासला डीकोडर चालू ठेवाच, पण एसडीआर प्रोग्रॅममध्येच आवाज वेव्ह फाइलमध्येही रेकॉर्ड करा आणि नंतर तीच फाइल डीकोडरला द्या. त्या चित्रात पायरी नसेल तर ती केबलच्या टाकीत पडली होती. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून मला पाठवा.