दंतऋजुकरण व अस्थिप्रतिसाद

दंतऋजुकरण व अस्थिप्रतिसाद : वेडेवाकडे, पुढे आलेले, दाटीने उगवलेले किंवा विरळ दात आणि एकमेकांशी नीट न जुळणारे जबडे योग्य स्थितीत आणणाऱ्या दंतवैद्यकाच्या शाखेस दंतऋजुकरण म्हणतात. दातावर सौम्य दाब दीर्घकाळ ठेवला, तर त्याच्या भोवतालचे हाड दाबाच्या बाजूस शोषले जाते, विरुद्ध बाजूस नवे हाड तयार होते आणि दात आपल्या खोबणीसह सरकतो. हाडाच्या या वर्तनास अस्थिप्रतिसाद असे नाव आहे. तारा, कड्या, कमानी व रबरी वलये ही साधने केवळ दाब पुरवितात. दात हलविण्याचे प्रत्यक्ष कार्य हाडातील कोशिका करतात. उपचारास लागणारा काळ, त्यासाठी योग्य वय व उपचाराचे यश ही सर्व त्यामुळे अस्थिप्रतिसादावर अवलंबून असतात.

रचना : दात हाडात खिळ्याप्रमाणे ठोकलेला नसतो. दाताचे मूळ व खोबणीचे हाड यांच्यामध्ये सु. ०·२ मिमी. रुंदीची फट असून तीत तंतू, रक्तवाहिन्या, तंत्रिका व कोशिका यांचा बनलेला परिदंत बंध असतो. चर्वणाचा क्षणिक दाब हा बंध झेलतो. सतत टिकणाऱ्या दाबाची वार्ता मात्र तो हाडापर्यंत पोहोचवितो. अपघातानंतर ज्या दाताचे मूळ हाडाशी एकजीव होते, तो दात कितीही दाब दिला तरी सरकत नाही. जबड्यात बसविलेले टिटॅनियमाचे कृत्रिम मूळही सरकत नाही. दोहोंच्या बाबतीत परिदंत बंधाचा अभाव हेच कारण असते. या गुणधर्माचा उपयोग करून, इतर दात ओढण्यासाठी आधार म्हणून टिटॅनियमाचे बारीक स्क्रू जबड्यात बसविण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली.

इतिहास : दुधाचा दात पडण्यापूर्वीच कायमचा दात उगवल्यास दुधाचा दात काढून नवा दात रोज बोटाने जागेकडे रेटावा, असा सल्ला इ. स. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस यांनी दिला होता. फ्रेंच दंतवैद्य प्येअर फोशार यांनी १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दात सरळ करण्यासाठी धातूच्या पट्टीचे वर्णन आहे. अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये पहिल्या कायम दाढांच्या परस्पर स्थितीवरून दंतजुळणीतील दोषांचे तीन वर्ग पाडले. हे वर्गीकरण आजही वापरात आहे.

दात नेमका कसा सरकतो, याचा प्रायोगिक शोध विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला. स्वीडनचे कार्ल सँडस्टेट यांनी १९०४-०५ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दाबाच्या बाजूस हाड शोषले जाते व ताणाच्या बाजूस ते नव्याने तयार होते, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले. दाब फार झाल्यास परिदंत बंधातील कोशिका मरून तो भाग काचेसारखा निर्जीव दिसू लागतो, हेही त्यांनी नोंदविले. श्वार्त्स यांनी १९३२ मध्ये असे प्रतिपादन केले की, दाब केशवाहिन्यांतील रक्तदाबापेक्षा, म्हणजे दर चौ. सेंमी.ला सु. २० ते २६ ग्रॅ. यापेक्षा अधिक नसावा. नॉर्वेचे कोरे राइटान यांच्या ऊतकविषयक अभ्यासाने विसाव्या शतकाच्या मध्यास या ज्ञानाला भक्कम आधार दिला. डोक्याची क्ष-किरण छायाचित्रे ठराविक स्थितीत व अंतरावरून घेण्याची पद्धत १९३१ मध्ये ब्रॉडबेंट यांनी अमेरिकेत व होफ्राट यांनी जर्मनीत स्वतंत्रपणे मांडली. तिच्यामुळे एकाच मुलाच्या जबड्याची वर्षानुवर्षे होणारी वाढ मोजणे शक्य झाले.

अस्थिप्रतिसादाची क्रिया : दाब पडताच दात परिदंत बंधाच्या फटीत किंचित सरकतो. एका बाजूस बंध दबून तेथील रक्तपुरवठा मंदावतो, तर दुसऱ्या बाजूस तंतू ताणले जातात. त्यामुळे बंधातील व हाडातील कोशिका प्रोस्टाग्लँडिनांसारखी संदेशवाहक द्रव्ये निर्माण करतात. दाबाच्या बाजूस अस्थिभंजक कोशिका तयार होऊन त्या हाडाचा पृष्ठभाग विरघळवितात आणि ताणाच्या बाजूस अस्थिजनक कोशिका नवे हाड रचतात. अस्थिभंजक कोशिकांच्या निर्मितीचे नियंत्रण करणाऱ्या प्रथिनांचा शोध १९९७-९८ च्या सुमारास लागला व या क्रियेचे रेणवीय स्वरूप स्पष्ट झाले. प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखणारी वेदनाशामके दीर्घकाळ घेतल्यास किंवा अस्थिक्षय रोखणारी काही औषधे चालू असल्यास दात मंद गतीने सरकतात. उपचारापूर्वी रुग्णाच्या औषधांची चौकशी करतात ती याच कारणाने.

दाताच्या हालचालीचे तीन टप्पे असतात. पहिल्या काही दिवसांत दात थोडा सरकतो. मग निर्जीव झालेला भाग निघून जाईपर्यंत बहुधा दोन ते चार आठवडे तो जवळजवळ स्थिर राहतो. त्यानंतर हाड सलग शोषले जाऊन दात महिन्याला सु. १ मिमी. या गतीने पुढे जातो. दाब वाढविल्याने हा वेग वाढत नाही. उलट निर्जीव भाग मोठा होऊन दुसरा टप्पा लांबतो, वेदना वाढतात आणि दाताचे मूळही झिजून आखूड होण्याचा धोका असतो. दात नुसता कलता करण्यास ३५ ते ६० ग्रॅ., मुळासह समांतर सरकविण्यास ७० ते १२० ग्रॅ. आणि हाडात आत दाबण्यास अवघे १० ते २० ग्रॅ. बल सामान्यतः पुरते. संपूर्ण उपचारास बहुधा दीड ते अडीच वर्षे लागतात व चार ते सहा आठवड्यांनी तपासणी करून तारेचा दाब पुन्हा जुळवावा लागतो.

दात जागेवर आल्यानंतरही काम संपत नाही. परिदंत बंधातील तंतूंची फेररचना तीन-चार महिन्यांत होते. परंतु हिरड्यांतील लवचिक तंतू जवळजवळ वर्षभर दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. म्हणून तारा काढल्यावर दात धरून ठेवणारे साधन वापरावे लागते. ते न वापरल्यास दात पुन्हा वाकडे होतात.

जबड्यांची वाढ : वाढत्या वयात केवळ खोबणीचेच नव्हे, तर जबड्याचेही हाड वळविता येते. वरच्या जबड्याचे दोन भाग टाळूच्या मध्यभागी शिवणीसारख्या सांध्याने जोडलेले असतात. किशोरवयापर्यंत ही शिवण पुरती सांधलेली नसल्याने अरुंद जबडा स्क्रूच्या साधनाने रुंदावता येतो व मधल्या फटीत नवे हाड भरून येते. प्रौढपणी मात्र त्यासाठी बहुधा शस्त्रक्रियेची जोड द्यावी लागते. दुभंगलेल्या टाळूच्या उपचारात हिरडीच्या हाडातील खिंड कमरेच्या हाडाचा चुरा भरून बुजवितात. कायमचा सुळा उगवण्यापूर्वी, बहुधा नऊ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, ही शस्त्रक्रिया केल्यास सुळा त्या नव्या हाडातूनच खाली उतरतो व ते हाड टिकून राहते.

दोषांची कारणे : जबड्याचा आकार व दातांची रुंदी बऱ्याच अंशी आनुवंशिक असतात. अंगठा चोखणे, नाकाच्या मागील ग्रंथी सुजल्याने तोंडाने श्वास घेणे आणि दुधाचे दात अकाली गमावणे ही इतर कारणे होत. यांपैकी शेवटचे कारण सर्वांत सहज टाळता येण्यासारखे आहे. दुधाचे वीस दात कायमच्या दातांसाठी जागा राखून ठेवतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायम दाढ दुधाच्या शेवटच्या दाढेमागे उगवते. त्या वेळी पुढची दुधाची दाढ किडून काढावी लागली असेल, तर नवी दाढ पुढे झुकून मोकळी जागा व्यापते आणि नंतर येणाऱ्या उपदाढेला जागा उरत नाही. येथेही तोच अस्थिप्रतिसाद कार्य करीत असतो; मात्र त्याला दिशा देणारे कोणी नसते.

आहाराचाही जबड्याच्या वाढीशी संबंध जोडला जातो. ऑस्ट्रेलियातील रेमंड बेग यांनी १९५४ मध्ये तेथील आदिवासींच्या झिजलेल्या दातांच्या अभ्यासावरून असे मत मांडले की, भरड अन्नाने दातांच्या कडा झिजून सर्व दातांना जागा पुरत असे. रॉबर्ट कोरुचिनी व भारतीय संशोधकांच्या १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर भारतातील पाहणीत चंडीगढमधील शहरी तरुणांत दंतजुळणीचे दोष ग्रामीण तरुणांपेक्षा अधिक आढळले. जबड्याला पुरेसा व्यायाम न मिळाल्याने त्याची वाढ अपुरी राहते, असा या पाहणीचा रोख आहे. तथापि आनुवंशिकता व इतर घटक यांपासून आहाराचा परिणाम वेगळा काढणे अवघड असते.

महाराष्ट्रातील संशोधन : महाराष्ट्रात दात व जबडे यांच्या अभ्यासाला पुरातत्त्वाचीही जोड मिळाली. पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत (इ. स. पू. सु. १६०० ते ७००) घरांच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेल्या बालकांचे अनेक सांगाडे मिळाले. डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे व अमेरिकेतील जॉन लुकाक्स यांनी त्यांच्या दातांचा तपशीलवार अभ्यास केला. दुधाच्या सुळ्यांवर दंतवल्काचे लहान गोल खळगे त्यांना आढळले. तान्ह्या मुलाच्या जबड्यात फुगून आलेल्या सुळ्यावरील हाडाचे आवरण अपुऱ्या पोषणामुळे पातळ राहिल्यास किरकोळ आघातानेही असा खळगा पडतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. जबड्याच्या हाडाची स्थिती दातावर कायमची नोंदली जाते, हे त्यावरून दिसते.

उपचाराच्या क्षेत्रात, भारतातील पहिले दंत महाविद्यालय कलकत्ता (आता कोलकाता) येथे १९२० मध्ये रफिउद्दिन अहमद यांनी काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले. दंतऋजुकरण तज्ञांची अखिल भारतीय संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. यूरोपीय चेहऱ्यांवरून ठरविलेली जबड्यांची मापे भारतीयांना जशीच्या तशी लागू पडत नाहीत. म्हणून विविध प्रदेशांतील लोकांची प्रमाणभूत मापे निश्चित करणे हा येथील संशोधनाचा एक प्रमुख विषय झाला.

कर्जत व खालापूर तालुके : अस्थिप्रतिसादास लागणारा काळ व उपचाराची उपलब्धता यांचा संबंध रायगड जिल्ह्यातील या दोन तालुक्यांवरून स्पष्ट होतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या तालुक्यांना समुद्रकिनारा नाही. कर्जत व खोपोली ही गावे मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर आहेत आणि जिल्ह्याच्याच पनवेल तालुक्यात खारघर व कामोठे येथे दंत महाविद्यालये आहेत. नकाशावर अंतर थोडे दिसते. परंतु डोंगरउतारांवरील ठाकर व कातकरी वाड्यांतून रेल्वे स्थानकापर्यंत येणे, विशेषतः पावसाळ्यात, सोपे नसते. एका तपासणीसाठी पालकाचा दिवसाचा रोजगार बुडतो आणि अशा तपासण्या दोन वर्षांत पंधरा-वीस तरी होतात. अनेक कातकरी कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्ट्या व कोळसाभट्ट्यांच्या कामाला मुलाबाळांसह जातात व पुढील पावसाळ्याच्या तोंडावर परततात. तारा बसविल्यानंतर सहा-सात महिने तपासणी झाली नाही, तर सुटलेली तार भलत्याच दिशेने दाब देते आणि कड्यांभोवती अन्न साचून चांगले दातही किडतात. देखरेखीविना राहिलेला असा उपचार मूळ दोषापेक्षा अधिक हानी करू शकतो.

आरोग्य शिबिरांची मर्यादाही याच संदर्भात ध्यानी घ्यावी लागते. एका दिवसाच्या शिबिरात दात काढता येतो. सरळ करता येत नाही. कारण हाडाची फेररचना महिन्यांच्या हिशेबाने चालते. एवढेच नव्हे, तर किडलेली दुधाची दाढ शिबिरात काढली व रिकामी जागा राखण्याची सोय केली नाही, तर पुढील दोषाचा आरंभ तेथेच होतो. ती दाढ वेळीच भरून टिकविणे हा अल्प खर्चाचा व खात्रीचा मार्ग आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व शाळांतील मुलांची तपासणी होते. दंतविकार व दुभंगलेले ओठ-टाळू यांचा तीत समावेश आहे. सहा ते बारा ही मिश्र दातांची वर्षे या तपासणीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची होत. पेण येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या कक्षेतील निवासी आश्रमशाळांत मुले शैक्षणिक वर्षाचा बराचसा काळ एकाच ठिकाणी राहतात. नियमित देखरेखीची जी अट दंतऋजुकरणास आवश्यक आहे, ती अशा शाळांत तुलनेने सुलभपणे पूर्ण होऊ शकते.

मर्यादा : दंतऋजुकरण कोणत्याही वयात शक्य असले, तरी प्रौढांत अस्थिप्रतिसाद मंद असतो व जबड्याच्या वाढीचा लाभ मिळत नाही. हिरड्यांच्या जुनाट रोगाने खोबणीचे हाड झिजत असल्यास तो रोग आटोक्यात आणल्याशिवाय दातावर दाब देता येत नाही. शस्त्रक्रियेने हाडावर सूक्ष्म छेद घेऊन दातांची गती वाढविण्याचे प्रयोग झाले आहेत. परंतु त्यांनी मिळणारी गती तात्पुरती असते. प्रतिबंध, योग्य वयातील निदान व अखंड देखरेख या तीन गोष्टींची जागा कोणतेही साधन घेऊ शकलेले नाही.

[⟶ अस्थी, दंतवैद्यक, दात].