सूर्यातील पिवळी रेषा

हेलियमचा शोध १८६८ साली विजयदुर्ग किल्ल्यावरील ‘साहेबाच्या ओट्यां’वरून लागला, ही समजूत कोकणात इतकी दृढमूल झाली आहे की तिची छाननी करणे अनेकांस अप्रिय वाटेल, तथापि अस्सल दप्तर निराळीच हकीकत सांगते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच ज्योतिर्विद ज्यूल जान्सेन गुंटूरला होता, इंग्रज ज्योतिर्विद पॉग्सन मच्छलीपट्टणमला होता, आणि दुसरा इंग्रज ज्योतिर्विद नॉर्मन लॉकियर इंग्लंडातच होता. त्याने सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट ग्रहणाविना पाहिला, तो २० ऑक्टोबरला. विजयदुर्गावर लॉकियर आला खरा, परंतु २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्याच ग्रहणाचे वेध सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून घेणारे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांचे नाव आपण अधिक अभिमानाने घ्यावयास हवे.

त्या ज्वालांत एक पिवळी रेषा होती. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटरवर पडतात, ही ५८७.६ वर होती, आणि तत्कालीन ज्ञात मूलद्रव्यांपैकी एकाचीही तिच्यावर मालकी सिद्ध होईना.

अणूतील इलेक्ट्रॉनास ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्यांवरच राहता येते, आणि वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर येताना तो त्या दोहोंतील अंतराएवढीच ऊर्जा प्रकाशरूपाने देतो, हे नील्स बोर याने १९१३ साली मांडले, तेव्हा प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा स्वतंत्र का, याचा उलगडा झाला. ती पिवळी रेषा ज्याची, त्या हेलियमच्या अणूत इलेक्ट्रॉन अवघे दोन. परंतु केंद्रकाने ते इतके घट्ट धरलेले असतात की त्यांतील एकास मुक्त करण्यास २४.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, आणि इतकी ऊर्जा अन्य कोणत्याही मूलद्रव्याचा उदासीन अणू मागत नाही. पिवळ्या रेषेसाठी इलेक्ट्रॉन आधी सुमारे २३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट उंचीवर चढावा लागतो, आणि तेथून सुमारे २१ वर उतरताना तो पिवळा प्रकाश देतो. सूर्याच्या ५,८०० केल्विनच्या पृष्ठभागावर अशा उन्नत स्थितीतले अणू जवळजवळ नसतात. म्हणून सूर्यबिंबाच्या वर्णपटातील सुपरिचित काळ्या रेषांत ही रेषा नव्हती, आणि म्हणूनच विपुल असूनही हे मूलद्रव्य इतका काळ अज्ञात राहिले. माझ्या मते या साऱ्या कथेतील सर्वांत मनोहर भाग हाच होय.

पृथ्वीवर तीच रेषा विल्यम रॅमसे यास मार्च १८९५ मध्ये दिसली, तीही आर्गॉनच्या शोधात असता, क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजावर आम्लाची क्रिया करून निघालेल्या वायूत. युरेनियमच्या खनिजात हा वायू यावा कोठून? रदरफोर्ड व रॉइड्स यांनी किरणोत्सारी द्रव्यातून निघणारे अल्फा कण पातळ काचेपलीकडे साठवले व त्या साठ्यातून विद्युत्प्रवाह सोडला, तेव्हा तीच पिवळी रेषा प्रकट झाली: अल्फा कण म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले हेलियम.

‘अणुक्रमांक २, निष्क्रिय वायू’ एवढेच पाठ करवणाऱ्या शिक्षकांस माझी विनंती आहे, की त्यांनी आधी स्पिरिटच्या दिव्यात मिठाची चिमूट टाकून सोडियमचा पिवळा प्रकाश विद्यार्थ्यांना वर्णपटदर्शकातून पाहू द्यावा, आणि कोष्टक त्यानंतर उघडावे.