वायरीच्या आपल्या टोकाचा मीटर

संध्याकाळचे सहा वाजेपर्यंत मोडेमला हात लावायचा नाही, असा नियम १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक घरांत पाळला जायचा. कॉम्प्युसर्व्ह या ऑनलाइन सेवेचा महागडा दर कामाच्या दिवशी सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत चाले. सहानंतर आणि शनिवार-रविवारी दर उतरत. दशकाच्या मध्याला ३०० बॉडच्या मोडेमने जोडलं तर संध्याकाळच्या तासाला ६ डॉलर पडत, १२०० बॉडच्या मोडेमने साडेबारा. मधल्या नेटवर्कचा अधिभार वेगळा. गावात सेवेचा स्थानिक नंबर नसेल, तर लांबच्या कॉलचे पैसे टेलिफोन कंपनी आणखी लावणार. महिन्याच्या शेवटी क्रेडिट कार्डाच्या बिलावर आकडा येई आणि घरात प्रश्न उभा राही, एवढे पैसे झाले कशाचे?

या प्रश्नाचं उत्तर घरातल्या घरात देणारी एक गोष्ट होती. घरच्या संगणकावर चालणारा, जोडणीचा वेळ मोजून त्याचे पैसे मांडणारा छोटा प्रोग्रॅम. तो एका कुणाचा नाही. कुणी मासिकातून टाइप करून घेतला, कुणी स्वतः लिहिला, कुणी दुसऱ्याचा घेऊन त्यात आपल्या सेवेचे दर भरले. नाव नाही, डबा नाही, जाहिरात नाही, त्यामुळे संगणकाच्या इतिहासात त्याला कुणी फारशी जागा दिली नाही. मला मात्र तो त्या काळातल्या गाजलेल्या खेळांइतकाच महत्त्वाचा वाटतो. बिल लावणारी कंपनी आणि मोजणारी कंपनी एकच असताना ग्राहकाच्या हातात स्वतःचं माप असणं ही मोठी गोष्ट आहे, आणि ती इथे बेसिक भाषेतल्या पन्नासेक ओळींत साधली होती.

तासावर पैसे का, याचं उत्तर कॉम्प्युसर्व्हच्या जन्मात आहे. १९६९ साली ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात एका विमा कंपनीची शाखा म्हणून ती सुरू झाली. मोठ्या संगणकाचा वेळ इतर कंपन्यांना भाड्याने देणं हा तिचा धंदा. दिवसा व्यापारी गिऱ्हाईक, रात्री यंत्रं मोकळी. तो मोकळा वेळ घरगुती संगणकवाल्यांना विकावा म्हणून १९७९ साली तिने मायक्रोनेट नावाची सेवा काढली. म्हणजे गिऱ्हाईक बातम्या वाचतोय की गप्पा मारतोय याच्याशी दराचा संबंध नव्हता. विकला जात होता तो यंत्राचा वेळ. त्याच वर्षी व्हर्जिनियात 'द सोर्स' ही प्रतिस्पर्धी सेवा सुरू झाली. तिच्या उद्घाटनाला विज्ञानकथाकार आयझॅक असिमॉव्ह आले होते आणि माहितीयुगाची ही सुरुवात आहे, असं त्यांनी तिथे सांगितलं. तिथेही मोजणी तासावरच.

आता या दराचा अर्थ पडद्यावर काय होत होता ते पाहू. ३०० बॉड म्हणजे सेकंदाला सुमारे ३० अक्षरं. कमोडोर ६४ या त्या काळच्या घरगुती संगणकाच्या पडद्यावर ४० अक्षरांच्या २५ ओळी, म्हणजे हजार अक्षरं मावतात. पडदा भरायला तेहतीस सेकंद लागणार आणि मिनिटाला दहा सेंटच्या दराने त्याचे साडेपाच सेंट होणार. १२०० बॉडला तोच पडदा आठ-साडेआठ सेकंदांत भरतो आणि खर्च तीन सेंटच्या आत राहतो. वरवर पाहता महाग मोडेम स्वस्त पडतो. पण भरलेला पडदा वाचायला माणसाला मिनिट लागलं, उत्तर टाइप करायला आणखी दोन मिनिटं गेली, तर त्या तीन मिनिटांचे दुपटीहून जास्त पैसे जाणार, आणि तेवढा वेळ वायर रिकामीच बसलेली. म्हणून फाइल उतरवायची तर १२००, गप्पा मारायच्या तर ३००. हे शहाणपण कंपनीच्या माहितीपत्रकातून येणारं नव्हतं, ते स्वतःच्या नोंदी मांडल्यावरच कळे.

आणि गप्पांनीच बिलं फुगत. कॉम्प्युसर्व्हचे सँडी ट्रेव्हर यांनी सीबी सिम्युलेटर लिहिला आणि १९८०च्या फेब्रुवारीत तो सर्वांना खुला झाला. ट्रक ड्रायव्हर वापरत त्या सीबी रेडिओसारखे त्यात ४० चॅनेल होते. अनोळखी माणसांशी रात्र-रात्र टाइप करत बोलता येत होतं, आणि त्या नादात महिन्याला शेकडो डॉलरचं बिल ओढवून घेणारे लोक होते. जोडणी तोडताना पडद्यावर शेवटी एक ओळ येई, किती वाजता बाहेर पडलात आणि एकूण किती तास-मिनिटं जोडलेले होतात याची. डॉलरचा आकडा त्या ओळीत नसे. दोन तास उलटून गेल्यावर ती ओळ वाचायची, हा काही खर्चावर लक्ष ठेवण्याचा मार्ग नव्हे.

मग लक्ष ठेवायचं कसं? इथे यंत्राचीच अडचण होती. कमोडोर ६४ सुरू केला की निळ्या पडद्यावर बेसिकसाठी ३८,९११ बाइट मोकळे असल्याची ओळ दिसते. एवढ्या जागेत एका वेळी एकच काम होणार. टर्मिनल प्रोग्रॅम वायरीशी बोलत असताना शेजारी दुसरा प्रोग्रॅम उघडून ठेवायची सोय नाही. शिवाय या यंत्रात बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. बटण बंद केलं की वेळ गेली, चालू केलं की पुन्हा शून्यापासून.

बेसिकमध्ये 'टीआय' नावाचा एक तयार चल आहे, तो सेकंदाच्या साठाव्या हिश्शाने वाढत राहतो. 'टीआय-डॉलर' हाच वेळ सहा आकड्यांत देतो, तास, मिनिट, सेकंद. त्यात सहा शून्यं भरली की मोजणी सुरू. नवख्याला हाच रस्ता आधी सुचतो, आणि इथेच तो फसतो. हे घड्याळ प्रोसेसरला वारंवार थांबवून पुढे ढकललं जातं. टेपचं काम सुरू झालं की ते अडकतं, डिस्कच्या कामात मागे पडतं. म्हणजे फाइल उतरवून डिस्कवर ठेवण्याच्या लांबलचक कामात, जिथे पैसे सर्वांत जास्त जातात, तिथेच मीटर कमी दाखवणार.

जाणत्यांनी यंत्राच्या पोटातली दुसरी वाट शोधली. कमोडोर ६४मध्ये ६५२६ नावाच्या दोन चिप आहेत आणि प्रत्येकीत एक स्वतंत्र घड्याळ आहे. भिंतीतून येणाऱ्या विजेची आवर्तनं मोजून ते चालतं, प्रोसेसर काय करतोय याची त्याला फिकीर नाही. ५६३२८ ते ५६३३१ या चार पत्त्यांवर सेकंदाचे दशांश, सेकंद, मिनिटं आणि तास ओळीने ठेवलेले असतात. वाचायचा क्रम मात्र पाळावा लागतो. तास आधी वाचायचा, की चारही आकडे जागच्या जागी गोठतात. दशांश शेवटी वाचायचा, की ते पुन्हा सुटतात. आतलं घड्याळ दरम्यान चालतच असतं. ही काळजी घेतली नसती, तर आठ एकोणसाठ वाजता तास वाचला आणि मिनिट वाचेपर्यंत नऊ झाले, तर उत्तर आलं असतं आठ वाजून शून्य मिनिटं. एका तासाची चूक, म्हणजे सहा डॉलर. चिप बनवणाऱ्याने हा विचार आधीच करून ठेवला होता, याचं मला फार कौतुक वाटतं.

आणखी एक बारकावा आहे. अमेरिकेत विजेची आवर्तनं सेकंदाला ६०, युरोपात आणि आपल्याकडे ५०. कोणती मोजायची हे चिपमधला एक बिट ठरवतो, आणि यंत्र सुरू होताना तो ६०वरच असतो. अमेरिकन मासिकातला प्रोग्रॅम इंग्लंडमधल्या माणसाने जसाच्या तसा टाइप केला, तर खऱ्या एका तासाची त्याच्या पडद्यावर ५० मिनिटंच होत. प्रोग्रॅम बिनचूक, बेरीज बिनचूक, पण बिल सहाव्या हिश्शाने कमी दिसणार.

मोजणी कधी सुरू करायची हाही प्रश्नच होता. कमोडोरचा १९८२चा व्हिकमोडेम सुमारे ११० डॉलरला मिळे आणि त्यामुळे घरोघरी पोचला. पण त्याला स्वतः नंबर फिरवता येत नसे. माणसाने फोनवर नंबर लावायचा, पलीकडची शिट्टी ऐकू आली की रिसीव्हरची वायर काढून मोडेममध्ये खोचायची. जोडणी नेमकी कधी लागली हे प्रोग्रॅमला कळणार नाही, म्हणून त्याच क्षणी माणसानेच एक कळ दाबायची. हेजचा स्मार्टमोडेम १९८१ साली आला होता. तो स्वतः नंबर लावायचा आणि जोडणी झाल्याचा शब्द संगणकाला पाठवायचा, पण त्याची किंमत जवळजवळ तिप्पट होती.

पुढचा भाग सोपा हिशोब वाटतो, पण तिथेही खाचा आहेत. कंपनी अर्धं मिनिट पूर्ण धरते, मग आपणही धरायला हवं. पावणेसहाला जोडलं आणि सव्वासहाला तोडलं, तर पंधरा मिनिटं एका दराने आणि पंधरा दुसऱ्या. शुक्रवारी रात्री सुरू होऊन शनिवारी पहाटे संपलेली बैठक महिनाही ओलांडू शकते. चांगल्या प्रोग्रॅममध्ये दर वेगळ्या ओळींत, अगदी वर लिहिलेले असत, म्हणजे कंपनीने दर बदलले की तेवढीच ओळ बदलायची. प्रत्येक बैठकीची तारीख, सेवा, मिनिटं आणि रक्कम डिस्कवरच्या फाइलमध्ये जात असे. ज्यांना यंत्रभाषा येत होती ते ४९१५२ या पत्त्यापासून मोकळ्या असलेल्या ४ केबी जागेत घड्याळ बसवत. टर्मिनल प्रोग्रॅम चालू असतानाच पडद्याच्या कोपऱ्यात डॉलर आणि सेंट चढताना दिसत. माणूस पुढचं वाक्य थोडक्यात लिहायला शिके तो या कोपऱ्याकडे पाहून.

यातून पुढे एक वेगळी शाखाही निघाली. आयबीएम पीसीसाठी हॉवर्ड बेनर यांनी लिहिलेला टॅपसिस हा प्रोग्रॅम कॉम्प्युसर्व्हला स्वतः फोन लावी, नवे संदेश झपाट्याने उतरवून घेई आणि जोडणी तोडी. वाचन आणि उत्तरं लिहिणं वायर तोडल्यावर, फुकट. मोजणीतून कळलं की पैसे विचार करण्यात जातात, तेव्हा विचार करण्याचा वेळच मीटरबाहेर काढला गेला.

१ डिसेंबर १९९६ रोजी अमेरिका ऑनलाइनने महिन्याला १९ डॉलर ९५ सेंटात हवा तितका वेळ, असा सरसकट दर लावला. लोक जोडणी तोडेनात, कंपनीचे फोन नंबर दिवसदिवस व्यग्र लागू लागले. मिनिटं मोजणाऱ्या प्रोग्रॅमचं काम तिथे पाहता पाहता संपलं.

आपल्याकडे तेव्हा मोजणीला नुकती सुरुवात झाली होती. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, पहिल्या शहरांत मुंबई होती. इथेही जोडणी तासांच्या हिशोबाने विकली गेली. तास निगमचे आणि फोनचे पल्स टेलिफोन खात्याचे, म्हणजे दोन मीटर आणि दोन्ही ग्राहकाच्या नजरेआड. त्याच काळात कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये लाल आकड्यांचा मीटर बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असे. आकडा पाहून माणूस आटोपतं घेई. घरच्या विंडोज ९५वर जोडणीची खिडकी तास, मिनिटं, सेकंद दाखवी, पण रुपये दाखवत नसे. वर्षभराच्या पॅकेजातले किती तास उरले आणि फोनचे किती झाले, हे दोन्ही आकडे एका जागी मांडायचे तर ते स्वतःच मांडायला लागत.

आज तासांची जागा टोकनांनी, म्हणजे मजकुराच्या मोजलेल्या तुकड्यांनी, आणि क्लाउडवरच्या भाड्याच्या यंत्रांनी घेतली आहे. अमेझॉनच्या क्लाउड सेवेत खर्चमर्यादेची माहिती दिवसातून फार तर तीनदा ताजी होते, दोन वेळांमध्ये ८ ते १२ तास जातात. चुकून चालू राहिलेल्या यंत्राचा इशारा रात्र उलटून गेल्यावर येऊ शकतो. उलट कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सेवा प्रोग्रॅमला उत्तर पाठवताना किती टोकन लागले ते त्यासोबतच कळवतात. म्हणजे दर माहीत असेल तर आपला मीटर आपल्याला तिथल्या तिथे चालवता येतो, आणि तो अजूनही पन्नासेक ओळींचाच आहे.

शाळा-कॉलेजात संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांना म्हणून एक विनंती आहे. मुलांना हा प्रोग्रॅम एकदा लिहायला द्या. सुरुवात घरच्या वीजबिलापासून करा, त्यात युनिटांचे टप्पे आहेत, स्थिर आकार आहे, कर आहेत. मग एखादी अशी सेवा द्या, जिचा दर मध्येच बदलतो. मुलांचा आकडा कंपनीच्या आकड्याशी जुळला नाही, तर तो कुठे आणि का फुटला हे शोधून काढेपर्यंत त्यांना पुढचा धडा देऊ नका.