समजून घ्या : युद्धगुन्ह्यांच्या न्यायालयात भारतीय न्यायाधीश का नाही?

फैजपूरमधल्या एखाद्या वादाचे अपील जळगावच्या जिल्हा न्यायालयातून पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जाते. याच उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती दलवीर भंडारी २०१२ मध्ये नेदरलँड्समधील हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयावर निवडून गेले. मग फैजपूरचा एखादा वकील उद्या हेगमध्येच युद्धगुन्ह्यांचे खटले ऐकणारा न्यायाधीश होऊ शकेल का? आजच्या घडीला उत्तर आहे : नाही.

दोन न्यायालये, गल्लत नको

भंडारी ज्या न्यायालयावर गेले, ते देशादेशांतले वाद सोडवते. कुलभूषण जाधव प्रकरणाचा २०१९ चा निकाल तिथलाच. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय (आयसीसी) मात्र व्यक्तींवर खटले चालवते. पुतिन (२०२३) आणि नेतान्याहू (२०२४) यांच्याविरुद्धची अटक वॉरंट आयसीसीची आहेत.

आयसीसीत निवड कशी होते?

• न्यायाधीश १८, मुदत ९ वर्षे. दर ३ वर्षांनी ६ जागांसाठी निवडणूक.
• सदस्य देशाला एका निवडणुकीत एकच उमेदवार देता येतो.
• उमेदवारांच्या दोन याद्या : एक फौजदारी कायद्याच्या जाणकारांची, दुसरी आंतरराष्ट्रीय कायद्याच्या.
• मतदान गुप्त. विजयासाठी दोनतृतीयांश मते हवीत. जागा भरेपर्यंत फेऱ्या होतात.
• एकाच देशाचे दोन न्यायाधीश नसतात.

अडचण कुठे?

उमेदवार सदस्य देशाचाच नागरिक असावा लागतो आणि भारत सदस्य नाही. १९९८ मध्ये रोममध्ये या न्यायालयाच्या करारावर मतदान झाले. बाजूने १२०, विरोधात ७ मते पडली. तटस्थ राहिलेल्या २१ देशांत भारत होता. सुरक्षा परिषदेला मिळालेले अधिकार भारताला मान्य नव्हते. अण्वस्त्रांचा वापर आणि दहशतवाद गुन्ह्यांच्या यादीत नाहीत, हाही आक्षेप होता.

भारतीय न्यायाधीश कधीच नव्हता?

होता. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टोकियो खटल्यात ११ न्यायाधीशांपैकी एक होते राधाबिनोद पाल. मात्र ती निवडणूक नव्हती, नेमणूक होती. १९४८ च्या निकालात पाल यांनी वेगळे मत नोंदवून सर्व आरोपींना निर्दोष ठरवले.

आपला संबंध काय?

भारतीय नागरिकाने सदस्य देशाच्या भूमीवर युद्धगुन्हा केल्याचा आरोप झाला, तर आयसीसी त्याच्यावरही खटला चालवू शकते. बांगलादेश सदस्य आहे, अफगाणिस्तानही. पण त्या खटल्याच्या न्यायासनावर कोण बसणार, हे ठरवताना भारताला ना उमेदवार देता येतो, ना मत.