न दिलेले न घेता : लिनक्सवर जावा

पंचशीलातील दुसरे शील आपण लहानपणापासून वंदनेत म्हणत आलो आहोत. जे दिलेले नाही ते न घेण्याचा तो संकल्प आहे. त्याचा अर्थ सांगताना आपण सहसा पैसा, धान्य, वस्तू यांची उदाहरणे देतो. संगणकाच्या बाबतीत मात्र हेच शील आपल्या हातून सहज सुटते. परवान्यासाठी पैसे नसतात. कोणीतरी सॉफ्टवेअरची अनधिकृत प्रत आणून देतो आणि मुलाच्या शिक्षणासाठीच केले, असे आपण मनाचे समाधान करून घेतो. प्रोग्रॅमिंग शिकण्यासाठी या तडजोडीची मुळीच आवश्यकता नाही, हे आम्हांला या लेखात सांगावयाचे आहे. लिनक्स ही संगणकप्रणाली आणि जावा ही भाषा रीतसर दिलेली आहेत. ती कोणी व कोणत्या अटींवर दिली आणि जुन्या संगणकावर ती कशी वापरावी, ते क्रमाने पाहू.

१९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणाने स्वतःच्या संगणकासाठी कर्नल लिहिण्यास प्रारंभ केला. मेमरी, डिस्क, कळफलक आणि प्रोग्रॅम यांचा मेळ घालणारा गाभा म्हणजे कर्नल. त्यापूर्वी, १९८३ मध्ये, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली होती. १९९२ मध्ये लिनक्स ग्नूच्याच जीपीएल परवान्याखाली आले. हा परवाना सांगतो : वापरा, उघडून पाहा, बदला, इतरांना द्या, मात्र देताना मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, अडवून ठेवू नका आणि तुम्हांला मिळालेले हक्क पुढच्यालाही द्या. दान घेणाऱ्याने दाता व्हावे, अशी ही अट आहे.

जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीत जेम्स गॉसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली व १९९५ मध्ये ती जगासमोर आली. तिची योजना समजून घेण्याजोगी आहे. आपण लिहिलेला प्रोग्रॅम कंपायलर थेट यंत्राच्या भाषेत न नेता बाइटकोड नावाच्या मधल्या रूपात नेतो. प्रत्येक प्रणालीवर जेव्हीएम नावाचा एक दुभाषा बसवलेला असतो; तो बाइटकोड वाचून त्या यंत्राला समजेल असे काम करून घेतो. त्यामुळे लिनक्सवर तयार झालेला तोच बाइटकोड महाविद्यालयातील विंडोज संगणकावरही चालू शकतो. २००६ मध्ये सनने जावा जीपीएल परवान्याखाली खुली करण्याची घोषणा केली आणि त्यातून ओपनजेडीके उभे राहिले. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतल्यानंतरही ते काम चालू आहे. ओपनजेडीकेच्या परवान्यात एक सवलत आहे : त्याच्या आधारे आपण लिहिलेला प्रोग्रॅम आपलाच राहतो; तो खुला करावा की विकावा, हे आपण ठरवावे.

आता प्रत्यक्ष कृती. चार जीबी मेमरीचा जुना संगणक असला तरी एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घेतलेले डेबियन त्यावर चालते. टर्मिनल उघडून एपीटी या साधनाद्वारे ‘डीफॉल्ट-जेडीके’ हे पॅकेज बसवावे. कंपायलर आणि जेव्हीएम दोन्ही त्यात येतात. इक्लिप्ससारखी मोठी साधने अधिक मेमरी मागतात. आरंभी साधा टेक्स्ट एडिटर पुरेसा आहे. ‘जावासी’ या आज्ञेने प्रोग्रॅम कंपाइल करावा आणि ‘जावा’ या आज्ञेने चालवावा. या दोन पायऱ्या हाताने केल्या म्हणजे बटण दाबल्यावर आत काय घडते, हे विद्यार्थ्याला कायमचे कळते.

नवशिक्याला अडवणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत. त्या आधीच ठाऊक असाव्यात. लिनक्स कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत भेद करते. पहिले अक्षर कॅपिटल असलेली आणि नसलेली अशा एकाच नावाच्या दोन फायली येथे वेगळ्या ठरतात. पब्लिक क्लासचे नाव आणि फाइलचे नाव अक्षरशः जुळले नाही, तर कंपायलर काम नाकारतो. क्लासपाथ देताना विंडोजवर अर्धविराम लागतो, तर लिनक्सवर अपूर्णविराम म्हणजे कोलन लागतो. विंडोजवर लिहिलेला प्रोग्रॅम लिनक्सवर अडतो, तेव्हा पुष्कळदा कारण एवढेच असते.

मराठीचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. आजच्या लिनक्सवर सामान्यतः यूटीएफ-८ ही संकेतप्रणाली असते आणि जावानेही २०२२ मधील अठराव्या आवृत्तीपासून तीच मूळ धरली आहे. म्हणून देवनागरी मजकूर सरळ लिहिता येतो. पण ‘धम्म’ या शब्दाची लांबी जावाला विचारली, तर उत्तर चार येते. आपल्याला दोन अक्षरे दिसतात. संगणक मात्र ध, म, हलन्तचिन्ह आणि पुन्हा म असे चार संकेत मोजतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर अर्ज भरताना एखाद्या मुलीचे नाव जोडाक्षरातच तुटते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांमध्ये आपली मुले असणे का आवश्यक आहे, ते अशा लहान गोष्टीतून कळते.

तथागतांनी धम्माला एहिपस्सिको म्हटले : या, पाहा, पारखून घ्या. ओपनजेडीकेमध्ये मजकूर हाताळणाऱ्या स्ट्रिंग या क्लासचा संपूर्ण सोर्स कोड वाचावयास मिळतो. शिक्षकांनी सांगितलेली गोष्ट विद्यार्थी स्वतः उघडून तपासू शकतो. बंद पेटीतल्या सॉफ्टवेअरपाशी ही सोय नसते.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, कार्यालयातून किंवा घरातून बाद होणारा चालू संगणक भंगारात देण्यापूर्वी आपल्या विद्यालयाची आठवण ठेवावी. आणि जे या क्षेत्रात आहेत त्यांनी महिन्यातला एक रविवार मुलांसोबत बसावे. पालकांनी महागड्या यंत्राची चिंता करू नये. सुट्टीत घरी आलेल्या मुलाने काळ्या टर्मिनलवर काही टंकलेले दिसले, तर काय केलेस, एवढे त्याला अवश्य विचारावे. आपल्याला जे दिलेले आहे ते पुढच्या मुलापर्यंत पोहोचवणे, हीच त्या परवान्याची अट आहे आणि आपल्या संस्काराचीही.